आधी बाण तरी काढा!

‘शेवटातून सुरुवात वजा.’ बारावीत आमच्या क्लासमध्ये सदिशाचं घटकरूप एवढ्या तीन शब्दांत उरकलं. वहीत चौकट केली, पुढचं गणित. वजाच का, हे कुणी विचारलं नाही. सीईटीत ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न. ‘का’ला मार्क कुठे असतात?

मी पुढे मास कम्युनिकेशनला आले, गणित सुटलं. परवा मामेभाऊ वही घेऊन आला. पी (२, ३) पासून क्यू (−१, ७) पर्यंतचा सदिश काढायचा होता. पठ्ठ्याने उलटं वजा करून (३, −४) लिहिलं. लांबी काढली तर ५. मागे उत्तर ५च. खूश! खरं घटकरूप (−३, ४), म्हणजे तीन घरं डावीकडे, चार वर. त्याचा बाण बरोब्बर उलट्या दिशेला चालला होता, पण वर्ग केल्यावर वजाचं चिन्ह गायब होतं आणि चूक लपते.

कोन काढतानाही तेच. दोन्ही बाणांचं वाय भागिले एक्स सारखंच, त्यामुळे कॅल्क्युलेटर दोघांनाही साधारण −५३ अंशच सांगतो. दुसऱ्या चरणातल्या खऱ्या बाणाचा कोन आहे १२७. हे यंत्राला कळत नाही, चित्र काढलं की आपल्याला लगेच दिसतं. म्हणून माझं म्हणणं, सूत्र पाठ करून घेण्याआधी मुलांना आलेखावर बाण काढायला लावा. (१०, ० पासून ७, ४ पर्यंतचा बाणही काढा. जागा वेगळी, सदिश तोच! हे मला बाविसाव्या वर्षी कळलं.)

‘वेळ नसतो’ हे क्लासवाल्यांचं उत्तर मला पटत नाही. दिशा चुकली तर काय होतं, ते पायलटला विचारा. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर विमान साधारण पश्चिमेकडे तोंड करून उतरतं. समजा, वारा २४० अंशांकडून २० नॉटने येतोय. धावपट्टीशी कोन ३० अंशांचा. म्हणजे सुमारे १७ नॉट समोरून, १० नॉट डाव्या बाजूने. हे घटकच झाले की! समोरचा वारा उतरताना मदत करतो, आडवा विमानाला बाजूला ढकलतो. इथे चिन्ह उलटं घेतलं, तर नुसत्या ‘१०’ आकड्याचं काय करणार?

भावाने शेवटी बाण काढला. आलेख कागद नव्हता, धाकट्या बहिणीची चौकटीची वही पळवली. स्वतःची चूक बघून म्हणाला, ‘ताई, हे तर उलटंच गेलं!’ मग मागची सहा गणितंही खोडली. सहाही उत्तरं ‘बरोबर’ होती.