डेल्फ्टचा कापडव्यापारी

नेदरलँड्समधील डेल्फ्ट या कालव्यांच्या छोट्या शहरात प्रवासी जातात ते बहुधा निळ्या नक्षीच्या भांड्यांसाठी आणि चित्रकार व्हर्मीरसाठी. विज्ञानप्रेमी तेवढा तेथील जुन्या चर्चमध्ये आंतोनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) याची समाधी पाहतो आणि परततो. एवढ्याने डेल्फ्ट पाहिले असे म्हणता येणार नाही.

लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही, आणि लॅटिन ही त्या काळची विद्वानांची भाषा त्याला अवगत नव्हती. मिरी तिखट का, हे जाणण्यासाठी त्याने ती पाण्यात भिजत घातली. काही दिवसांनी, १६७६ साली, स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगातून त्या पाण्यात त्याला असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. तिखटपणाचे कोडे मात्र तसेच राहिले! हे सारे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले, ते आपल्या बाजारपेठेतल्या साध्या डच भाषेत. सोसायटीचा चिटणीस ओल्डेनबर्ग याने त्या पत्राचे इंग्रजी भाषांतर करून ते छापले. विद्वानांना प्रथम ते खरे वाटेना. १६७७ साली रॉबर्ट हूकने ते जीव प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा शंका फिटली. १६८० साली सोसायटीने या व्यापाऱ्यास आपला सभासद करून घेतले.

देशी भाषांत गंभीर विज्ञान लिहिणे अशक्य, असे मानणारे सुशिक्षित भारतात आजही थोडे नाहीत. त्यांनी डेल्फ्टची वाट अवश्य धरावी, लंडनलाही जावे. लेव्हेनहूकने मृत्युपत्राने सोसायटीस दिलेले २६ सूक्ष्मदर्शक पुढे गहाळ झाले. त्याची डच पत्रे मात्र तेथे अद्याप जपून ठेवलेली आहेत.