नाक मुरडण्यापूर्वी

वैद्यकीय व्यवसायात आपण ज्या विषयांवर बोलतो त्यांची यादी केली, तर समाजाला संकोच वाटावा असा एकही विषय तिच्यातून सुटणार नाही. मलमूत्र, मासिक पाळी, वंध्यत्व, गुप्तरोग, मृत्यू या सर्वांविषयी आपण रुग्णाशी मोकळेपणाने बोलतो. किंबहुना तेच आपले काम आहे. परंतु आपल्याच रुग्णालयातील एखाद्या सिस्टरच्या, तंत्रज्ञाच्या वा सहकारी डॉक्टरच्या अंगाला किंवा श्वासाला दुर्गंधी येत असेल, तर ती गोष्ट त्या व्यक्तीच्या कानावर घालण्याचे धैर्य आपल्यापैकी फार थोड्यांच्या ठायी असते. आपण खिडकी उघडतो, पंखा वाढवतो, ड्यूटीची पाळी बदलतो आणि रात्री घरी जेवताना तो विषय काढतो. ज्याला सांगायचे तो सोडून सर्वांना ते ठाऊक असते. हे मौन सभ्यपणाचे समजले जाते. माझे मत वेगळे आहे, आणि ते मांडावे एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर असल्यामुळे या विषयाशी माझा संबंध काहीसा जवळचा आहे. आमच्या शाखेत अ‍ॅट्रोफिक ऱ्हायनायटिस नावाचा एक जुना विकार आहे. ओझिना या नावानेही तो ओळखला जातो. नाकातील अस्तर सुकत जाते, आतील पोकळी रुंदावते, हिरवट खपल्या धरतात आणि त्यांना अशी दुर्गंधी सुटते की शेजारी बसणे अशक्य व्हावे. यात विलक्षण गोष्ट अशी, की गंध ओळखणाऱ्या पेशीही याच विकारात निकामी झालेल्या असल्याने रुग्णाला स्वतःला तो वास मुळीच येत नाही. आमची पाठ्यपुस्तके या अवस्थेला ‘मर्सिफुल अ‍ॅनॉस्मिया’ म्हणतात, म्हणजे दयाळू गंधहीनता. ही दया नेमकी कोणावर, असा प्रश्न मला विद्यार्थीदशेपासून पडत आला आहे.

काही वर्षांपूर्वी रिंग रोडवरील कापड मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मूळचा खानदेशातला, लिंबायतला भावाच्या घरी राहणारा. तक्रार नाकातून खपल्या पडण्याची व अधूनमधून रक्त येण्याची. सोबत वहिनी होती. विचारपूस करताना कळले, की दोन वर्षांत त्याची तीन दुकाने सुटली होती. पहिल्या शेठने ‘हमणां मंदी छे’ असे सांगितले. दुसऱ्याने गिऱ्हाइकासमोरच्या गादीवरून उठवून गोदामात पार्सले बांधायला बसवले. तिसऱ्याने पगार चुकता करून ‘दिवाळीनंतर बघू’ म्हटले. तिघांपैकी कोणीही त्याला टाकून बोलले नाही. तिघेही आपापल्या परीने सौजन्यानेच वागले. आणि त्या सौजन्यामुळे हा मुलगा दोन वर्षे समजत राहिला, की आपल्याला गिऱ्हाइकाशी बोलणे जमत नाही, आपली गुजराती कच्ची आहे, आपला पायगुणच वाईट आहे.

शेवटी सांगितले ते वहिनीने. जेवणे आटोपल्यावर, मुले झोपल्यावर, ती त्याला म्हणाली होती, “भाऊ, राग मानू नका. तुमच्या नाकातून वास येतो. आंघोळ न केल्याचा हा वास नाही, दुखण्याचा आहे. उद्या डॉक्टरकडे जाऊ.”

कुष्ठरोग, क्षय व उपदंश यांच्या तपासण्या करून ते नसल्याची खात्री केली आणि नाक धुण्याचा जुनाच उपचार सुरू केला. हा विकार समूळ जातो असे सहसा म्हणता येत नाही. परंतु दिवसातून दोन-तीन वेळा क्षारयुक्त पाण्याने नाक धुण्याची शिस्त त्या मुलाने पाळली आणि दुर्गंधी आटोक्यात आली. मला मात्र त्या वहिनीच्या चार वाक्यांचे अप्रूप अजून वाटते. ‘सगळे म्हणतात’ असे ती म्हणाली नाही. दोष अस्वच्छतेवर न ठेवता तिने तो दुखण्यावर ठेवला. आणि पुढे काय करायचे तेही त्याच दमात सांगून टाकले. संवादकौशल्याच्या कार्यशाळांत आपण याहून अधिक काय शिकतो?

ओझिना विरळा आहे, हे मान्य. पण स्वतःचा वास स्वतःला न कळणे हा नियम निरोगी माणसालाही लागू आहे. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणे आपला मेंदू काही मिनिटांत सोडून देतो. एरवी आपल्यापैकी कोणी शवविच्छेदनगृहात पहिले वर्ष काढू शकला नसता. तेव्हा ‘त्याला कळत नाही का?’ या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर ‘नाही’ असेच आहे. दुसरा गैरसमज असा, की वास म्हणजे अस्वच्छता. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतील अ‍ॅपोक्राइन ग्रंथींचा स्राव तेथील कोरिनेबॅक्टेरियमसारखे जिवाणू विघटित करतात तेव्हा दर्प निर्माण होतो, आणि तो किती यावा हे काही अंशी आनुवंशिक असते. एबीसीसी११ या जनुकाच्या एका प्रकारामुळे पूर्व आशियातील बहुसंख्य लोकांच्या काखेला फारसा वास येतच नाही. यात त्यांच्या संस्कारांचा काही भाग नाही. उलट ट्रायमिथाइलअमिन्युरिया या विकारात यकृतातील एक विकर कमी पडते व घामाला, श्वासाला मासळीसारखा वास येतो. असा माणूस दिवसातून चार वेळा आंघोळ करीत असला तरी उपयोग होत नाही. महाभारतातील मत्स्यगंधेला पराशर भेटले. आपल्या दवाखान्यातील मत्स्यगंधेला निदान कोणी जैवरसायनाची तपासणी तरी सुचवायला हवी.

तोंडाच्या वासाचे कारण बहुतांशी तोंडातच असते: हिरड्या, किडलेले दात, जिभेचा मागचा भाग. आपल्या गावी त्यात तंबाखू, गुटखा आणि खानदेशी बायकांची मशेरी यांची भर पडते. गुटख्याने तोंड उघडेनासे झालेल्या माणसाचा दातांचा ब्रश मागपर्यंत पोचत नाही. आणि गालाच्या आत एखादी जखम चिघळत असेल, तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तिची वार्ता रुग्णाच्याही आधी लागलेली असू शकते. त्याने ती सांगितली नाही, तर कर्करोगाच्या बाबतीत त्या मौनाची किंमत काय होते, हे या वाचकांना मी सांगायला नको.

स्कॉटलंडमधील जॉय मिल्न या परिचारिकेची हकिकत आता वैद्यकविश्वात सुपरिचित आहे. त्यांचे पती भूलतज्ज्ञ होते. त्यांच्या अंगाला पूर्वी नसलेला एक वास येऊ लागला आणि पत्नीला प्रथम वाटले, की हे नीट आंघोळ करीत नाहीत. पार्किन्सनचे निदान झाले ते त्यानंतर दहाहून अधिक वर्षांनी. पुढे रुग्णांच्या सभेत तोच वास सर्वत्र जाणवला तेव्हा त्यांना उलगडा झाला, आणि त्यांच्या नाकाच्या आधारे मँचेस्टर विद्यापीठात त्वचेवरील तेलकट द्रव्याचे संशोधन उभे राहिले. एका घरात परिचारिका व डॉक्टर असूनही पहिला संशय स्वच्छतेवरच गेला, हे मला त्या हकिकतीत सर्वांत बोलके वाटते.

असो. प्रत्यक्ष सांगायचे कसे? प्रथम, कसे सांगू नये ते पाहू, कारण तेच अधिक घडते. एका परिचित रुग्णालयात एका तंत्रज्ञ मुलीच्या टेबलावर कोणीतरी नाव न लिहिता सुगंधी फवाऱ्याची बाटली ठेवली. दुसऱ्या एके ठिकाणी सूचनाफलकावर ‘सर्व कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक स्वच्छता पाळावी’ असा कागद लागला. लेकी बोले सुने लागे, हा आपला आवडता मार्ग. पण त्यात लेकीला कळत नाही आणि सुनांना सगळ्यांनाच लागते. काही माणसांना मुळात वास नसताना आपल्याला वास येतो अशी पक्की धारणा झालेली असते. मनोविकारशास्त्रात तिला ऑलफॅक्टरी रेफरन्स सिंड्रोम म्हणतात. कोणी सहज नाकाला हात लावला तरी ही माणसे खचतात. निनावी बाटली अशा माणसाच्या हाती पडली तर काय होईल, याचा विचार बाटली ठेवणाऱ्याने केलेला नसतो.

सांगणारी व्यक्ती एकच असावी, शक्यतो त्याच लिंगाची, आणि हुद्द्याने लगतची वरिष्ठ. संचालक डॉक्टरांनी आयामावशींना केबिनमध्ये बोलावून हे सांगणे म्हणजे शिक्षाच. वेळ ड्यूटी संपतानाची असावी, म्हणजे ऐकणाऱ्याला उरलेला दिवस मान खाली घालून काढावा लागत नाही. आमच्याकडे इन-चार्ज सिस्टर साधारणतः असे बोलतात: “मावशी, दोन मिनिटे बसा. एक नाजूक गोष्ट आहे. तुम्ही माझ्याबद्दल मला सांगितली असती तर बरे वाटले असते, म्हणून सांगते. आठवडाभर मला तुमच्या कपड्यांना वास जाणवतो आहे. कारण मला ठाऊक नाही. काही अडचण आहे का?” शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसणे हा यातला सर्वांत अवघड भाग होय. उपदेश तोंडात तयार असतो, तो गिळावा लागतो.

कारण उत्तर पुष्कळदा आपल्यालाच अडचणीत आणते. एका मावशींनी सांगितले, की नळाला पाणी येते त्या वेळी त्या ड्यूटीवर असतात आणि गणवेशाच्या दोन जोड्या पावसाळ्यात वाळत नाहीत. त्या जोड्या रुग्णालयाने दिलेल्या, पॉलिएस्टरच्या. सुरतकर म्हणून आपल्याला पॉलिएस्टरचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. अर्ध्या देशाला आपण ते नेसवतो. परंतु २०१४ साली बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यायाम करणाऱ्यांचे सदरे तपासले, तेव्हा सुती कापडापेक्षा पॉलिएस्टरला अधिक दुर्गंधी येते आणि दुर्गंधी निर्माण करणारे मायक्रोकॉकस जिवाणू त्यावर अधिक वाढतात असे आढळले. म्हणजे स्वस्त व टिकाऊ म्हणून आपणच वास विकत घ्यायचा आणि तो अंगावर वागवणाऱ्या बाईला स्वच्छतेचे धडे द्यायचे. तिसरी जोडी, सुताचे प्रमाण जास्त असलेले कापड आणि कर्मचाऱ्यांसाठी एक न्हाणीघर, एवढे आधी करावे. मग सांगण्याचा अधिकार येतो.

आणखी एक सावधगिरी मला महत्त्वाची वाटते. आपल्या समाजात ‘यांना वास येतो’ हे वाक्य निरागस कधीच नव्हते. मैला उचलणाऱ्या, कातडे कमावणाऱ्या, मासळी विकणाऱ्या माणसांना दूर ठेवण्यासाठी ते शतकानुशतके वापरले गेले. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा सध्याचा कायदा २०१३ सालचा आहे, इतकी ही गोष्ट अलीकडची. म्हणून तक्रार आली की मी प्रथम विचारतो: वास शरीराचा आहे, की डब्यातल्या सुक्या बोंबलाचा? शाकाहारी शेजाऱ्याला न रुचणारा डबा हा आरोग्याचा प्रश्न नव्हे. तो जेवणाच्या खोलीचा दरवाजा लावून सुटतो. तक्रार करणारे कोण आणि ज्याच्याविषयी केली तो कोण, हे पाहिल्याशिवाय कोणाला बोलावू नये. तसेच तक्रारीची खातरजमा स्वतःच्या नाकाने केल्याविना तर मुळीच नाही.

आपल्या शहरापुरते बोलायचे तर १९९४ च्या सप्टेंबरात, प्लेगच्या दिवसांत, साऱ्या जगाने सुरतेला घाणेरडे म्हटले. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि अतिक्रमणे यांची नावे घेऊन कामाला हात घातला आणि गाव पालटले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसह देशात पहिली आली. शहराच्या बाबतीत उघड बोलणे आपल्याला साधले. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसापाशी मात्र आपण अजून अडखळतो.

अखेरीस आपल्याविषयी. हुद्दा जितका वर, तितके सांगणारे कमी. ज्येष्ठ सर्जनच्या श्वासाला तंबाखूचा वास येतो हे त्याच्या निवासी डॉक्टरने सांगावे कसे? दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेला रुग्ण काय बोलणार? २०२० नंतर कोविडने आपल्यापैकी अनेकांची गंधशक्ती काही काळ हिरावली. काहींची पूर्ववत झालीच नाही. माझीही पूर्वीइतकी तीक्ष्ण राहिलेली नाही, आणि नाकाच्या डॉक्टरने हे सांगावे यात थोडा विनोद आहेच. म्हणून आमच्या शल्यगृहातील ज्येष्ठ सिस्टरना मी स्पष्ट परवानगी देऊन ठेवली आहे, की काहीही जाणवले तर मला बाजूला घेऊन सांगायचे. परवानगी प्रत्यक्ष वापरायला त्यांनी दीड वर्ष घेतले. त्या दिवशी डब्यात कच्चा कांदा होता. हात धुण्याच्या जागी त्या जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “सर, कांद्याचा वास येतोय. आणि पुढची केस लोकलमध्ये आहे.”