सव्वाचौदा इंचांचे पान आणि पावणेनऊ इंचांचा पडदा

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा विस्तार. देशाने शोधनिबंधांचे पैसे मोजले. ते वाचायचे कशावर, हा प्रश्न मात्र दुकानातल्या विक्रेत्यावर सोपवला. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, स्पीकर किती. पदार्थविज्ञान शिकणारा विद्यार्थीही हे आकडे निमूटपणे ऐकून घेतो आणि खिशातली मोजपट्टी काही बाहेर काढत नाही.

ती काढली तर काय दिसते? ए-फोर पान २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे त्याचा कर्ण सव्वाचौदा इंचांहून किंचित अधिक. बाजारात स्वस्त म्हणून सर्वाधिक पुढे केला जाणारा टॅब्लेट साधारण ८.७ इंचांचा, १३४० बाय ८०० पिक्सेलांचा. त्याच्या पडद्याची रुंदी भरते जेमतेम ११३ मिलिमीटर. पान त्यात बसवले की ५४ टक्क्यांवर येते. दहा पॉइंटचे अक्षर साडेपाचांच्या खाली आणि सात पॉइंटचा घातांक चारांच्याही खाली! समास कापून टाकले तरी मजल त्रेसष्ट टक्क्यांपर्यंतच जाते. टॅब्लेट आडवा धरावा, तर अक्षर सुधारते, पण एका वेळी अर्धे पानही दिसत नाही. दोन स्तंभांत छापलेल्या निबंधात वाचक खाली-वर, खाली-वर करत राहतो आणि आकृती एकीकडे, तिचे विवेचन दुसरीकडे राहते. त्यात दर इंचाला १८० पिक्सेलांहून कमी घनता. बारीक समीकरणातला अधिक कुठला आणि उणे कुठला, हे डोळे ताणून ओळखावे लागते.

अकरा इंचांच्या, १६:१० प्रमाणाच्या पडद्यावर हेच पान सत्तर टक्क्यांच्या आसपास दिसते. ४:३ च्या जवळ जाणारा १०.९ इंचांचा आयपॅड कर्णाने लहान असूनही पंचाहत्तर टक्के देतो. कारण पानाच्या बाजूंचे प्रमाण १:१.४१ आहे आणि चित्रपटासाठी लांबट केलेला पडदा पानाला अरुंद पडतो. जाहिरातीत इंच असतात, प्रमाण नसते.

ई-इंकच्या भक्तांचा दावा याहून निराळा. विद्युतभारित काळे-पांढरे कण, पडणाऱ्या प्रकाशाचे परावर्तन, पान बदलतानाच खर्च होणारी वीज: तंत्र सुंदर आहे, यात वाद नाही. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकेही आली, आणि कादंबरीसाठी सहा इंचांचा तो पडदा उत्तम, कारण तिथे मजकूर पडद्याप्रमाणे नव्याने रचला जातो. पीडीएफमधले समीकरण तसे वाहत नाही. सहा इंचांवर ए-फोर पान ४१ टक्क्यांवर येते. वेबपृष्ठ सरकवताना तर प्रत्येक हालचालीला कणांनाच जागा बदलावी लागते, आणि ते घाईत नसतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ‘वाचनासाठी हेच घे’ असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी आधी सांगावे: कुठल्या वाचनासाठी?

संगीताच्या बाबतीत तर निव्वळ आकड्यांची आतषबाजी चालते. मानवी कान फार तर २० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकतो, ४४.१ किलोहर्ट्‌झच्या नमुन्यांत २२.०५ पर्यंतचे सारे सामावते, हे नायक्विस्टचे प्रमेय पदवीच्या वर्गात शिकवले जाते. त्याच वर्गातला विद्यार्थी बाहेर येऊन ‘१९२ किलोहर्ट्‌झ’ची चिठ्ठी पाहून हजार-दोन हजार जास्त मोजतो, आणि मग ब्लूटूथ इअरफोन लावतो, ज्यात ध्वनी बहुधा काटछाट करूनच पोहोचतो. त्याने इअरफोनचा जॅक आहे का एवढे विचारले असते तरी पुरे होते.

ब्राउझिंगसाठी विचारायचा प्रश्न त्याहून कोरडा आहे: सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळणार? पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षे होतात.

‘काहीच नसण्यापेक्षा स्वस्त टॅब्लेट बरा’ हा युक्तिवाद देशाने एकदा आजमावला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ सादर केला: सात इंच, ३६६ मेगाहर्ट्‌झ, २५६ एमबी रॅम आणि बोटाने दाबावा लागणारा रेझिस्टिव्ह पडदा. चर्चा झाली ती ३५ डॉलरांची. पुढच्याच वर्षी सुधारित ‘आकाश २’ आणावा लागला, यातच पहिल्याचा निकाल आहे. तरीही शिष्यवृत्ती म्हणून, भेट म्हणून टॅब्लेट वाटणाऱ्या योजनांत किंमत आणि नग यांचीच मिरवणूक निघते. गरीब विद्यार्थ्याला कमी दिसले तरी चालते, असे कोणी उघड म्हणत नाही. यंत्र मात्र तसेच निवडले जाते.

खरेदीच्या निविदेत एक ओळ घालणे अवघड नाही: संपूर्ण ए-फोर पान मूळ आकाराच्या किमान ७० टक्के दिसावे. आणि स्वतःच्या पैशाने घेणाऱ्याने आपल्या विषयातला एक निबंध पेन ड्राइव्हवर किंवा मेलमध्ये घेऊन दुकानात जावे, तो तिथेच उघडावा आणि सर्वांत बारीक घातांक झूम न करता वाचून पाहावा. विक्रेता कॅमेरा दाखवू लागला, तर दाखवू द्यावा.