ऑल-इनचं कौतुक पुरे

‘मराठी माणसाला रिस्क घेता येत नाही’ हे वाक्य आमच्या काळाचौकीत लग्नाच्या पंगतीपासून पुनर्विकासाच्या मीटिंगपर्यंत कुठेही ऐकू येतं. बोलणारा बहुधा मराठीच असतो. हल्ली या उपदेशाला पोकरचा दाखला जोडतात. सगळ्या चिप्स पुढे सरकवून ‘ऑल-इन’ म्हणणारा तो वाघ, पानं टाकून देणारा तो कारकून. मी टुर्नामेंट पोकर खेळतो, आणि मला त्या कारकुनाची बाजू मांडायची आहे.

आधी हिशेब. दहा खेळाडू, प्रत्येकी हजार रुपये प्रवेश फी, प्रत्येकाला हजार चिप्स. बक्षिसं 5000, 3000 आणि 2000. पहिल्याच डावात कोणीतरी ऑल-इन करतो, तुम्ही स्वीकारता. शक्यता निम्मी-निम्मी. जिंकलात तर चिप्स दुप्पट. पण त्यांची किंमत दुप्पट होते का? नाही. सर्व चिप्स गोळा करणाऱ्यालाही बक्षीस निम्मंच मिळतं, उरलेलं दुसऱ्या-तिसऱ्याला जातं. पोकरमधल्या नेहमीच्या गणिताने त्या 2000 चिप्सची किंमत येते सुमारे 1844 रुपये. हरलात तर शून्य. म्हणजे हजाराची वस्तू लावून सरासरी हातात 922. मग 78 रुपये गेले कुठे? तुमचे आणि समोरच्याचे मिळून 156 रुपये गेले बाकीच्या आठ जणांच्या खिशात. त्यांनी बोटही हलवलेलं नसतं. वाघ दोन, शिकार आठ जणांना.

म्हणून टुर्नामेंटमध्ये खरा प्रश्न ‘खेळू की नको’ हा नसतोच. प्रश्न असतो, केवढ्या पॉटसाठी? हातात एक्का-सत्ती आहे, फ्लॉपवर एक्का आला आहे, पॉट 100 चा. फ्लॉप, टर्न, रिव्हर या तिन्ही फेऱ्यांत पॉटएवढी पैज लागत गेली तर पॉट 300, 900, 2700 असा फुगतो आणि तुमच्या 1300 चिप्स आत जातात. पैज अर्ध्या पॉटची ठेवली तर तोच पॉट 800 वर थांबतो, तुमच्या 350 जातात. पानं तीच, समोरचा माणूस तोच. बेताच्या पानांवर मोठा पॉट उभारणं याला धाडस म्हणत नाहीत.

‘मग सगळा जुगारच, मटका काय नि पोकर काय’ असं म्हणणारे ज्येष्ठही इथे आहेत. मटक्यात एकेरी आकड्यावर रुपयाला नऊ मिळत, शक्यता दहात एक. तिथे पैज कितीही लहान ठेवा, शेवटी चालवणाराच जिंकतो. आकार हातात असून उपयोग नाही, कारण भावच वाकडा.

आता मूळ आरोपाकडे. ज्यांना रिस्क घेता येत नाही म्हणता, त्यांच्याच वस्तीने 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या मागे जाऊन संप केला. सुमारे अडीच लाख कामगार. मागण्या रास्त होत्या. पगाराच्या होत्या, बदली कामगारांच्या होत्या, आणि एकाच युनियनला मान्यता देणाऱ्या 1946 च्या कायद्याविरुद्धही होत्या. याहून मोठं ऑल-इन या शहराने पाहिलेलं नाही. पण टेबलावर ढीग सारखे नव्हते. कामगार हरला की बाहेर. मालक हरला तरी त्याच्याकडे गिरणीखालची जमीन होती, आणि 1991 च्या नियमावलीने तिच्या विक्रीचा रस्ताही मोकळा केला. मोठा ढीग असलेला बसून राहू शकतो. वेळ त्याच्या बाजूने खेळतो. संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. या माणसांच्या नातवंडांना ‘जिगर दाखवा’ असं सांगायला जीभ कशी रेटते?

आणि जोखीम पेलण्याची दुसरी रीतही याच गिरणगावात होती. खानावळी चालवणाऱ्या बायका. उधारीवर किराणा, महिनाअखेरीला पैसे, एखादा जेवणारा पैसे बुडवून गावी पळाला तरी चूल पेटलेली. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं आणि या बायकांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकांची छोटी कर्जं मिळू लागली. त्या रोज जोखीम घेत होत्या. फक्त एका जेवणाऱ्यावर सगळं घर लावत नव्हत्या. पॉट लहान ठेवणं म्हणजे नेमकं हेच.

कोणी म्हणेल, नुसतं बसून राहिलं तरी ब्लाइंड्स वाढत जातात आणि चिप्स संपतात. खरं आहे. ढीग आटला की ऑल-इन करावंच लागतं, आणि मीही करतो. पण तो नाइलाजाने शोधलेला योग्य क्षण असतो. त्याला स्वभाव बनवायचं नसतं. जास्तीत जास्त किती गेलं तरी उद्या टेबलावर बसता येईल, हा आकडा आधी ठरवणारा माणूस भित्रा नसतो. तो आकडा न विचारता तुम्हाला ‘लाव सगळं’ म्हणणारा कोण आहे, ते मात्र नीट पाहा. बहुतेक वेळा तो त्या आठ जणांपैकीच एक असतो.