वयोवृद्ध माजी सैनिकांचे निवेदन

प्रति,
माननीय जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, सातारा

विषय : मानसिक आरोग्याचे मोबाईल ॲप वापरण्याचे शिक्षण मिळणेबाबत.

महोदय,

सविनय निवेदन करण्यात येते की, ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे पिढ्यानपिढ्या पलटणींना माणसे देत आली, त्या जिल्ह्यातील १९६५ व १९७१ च्या युद्धांत लढलेले आम्ही जवान आज सत्तरी-ऐंशी ओलांडून बसलो असून, निद्रानाश, अनावर संताप आणि युद्धस्मृतींनी होणारी मनाची तगमग आमच्यापैकी अनेकजण घरात अवाक्षरही न काढता सोशीत आहेत.

केंद्र सरकारने २०२२ साली ‘टेली-मानस’ ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा सुरू केली, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांकरिता तिचा स्वतंत्र कक्ष उघडला आणि २०२४ साली तिचे ॲपही उपलब्ध केले, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु ज्यांचे थरथरते बोट क्षणभर अधिक टेकले की पडद्यावर भलतेच काही उघडते आणि चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते, अशांच्या हाती ते साधन असून नसल्यासारखेच राहते. हयातीच्या दाखल्याचे काम नातवाकडून करून घेता येते. पण रात्री दचकून जाग येते काय, जगणे नकोसे वाटते काय, हे नातवाच्या मध्यस्थीने सांगणे कोणाही स्वाभिमानी फौजी माणसाला जमणारे नाही.

सबब आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी दरमहा शिकवणी वर्ग भरवावा, आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्यांकरिता त्याच जागी शिकवणीची तजवीज ठेवावी.

२. शिकविण्यासाठी निवृत्त सैनिकच मानधनावर नेमावेत. त्यांनी न कंटाळता पुनःपुन्हा शिकवावे व अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी जावे.

३. अक्षर मोठे करणे व फोनला कुलूप लावणे हा पहिला धडा असावा, आणि पुढील पायऱ्यांचे ठळक मराठी टाइपातील पत्रक द्यावे.

४. ॲपमध्ये दिलेली माहिती कोणाकोणाच्या नजरेस पडते आणि तिचा पेन्शनशी काही संबंध पोहोचतो किंवा कसे, याचा लेखी खुलासा वरिष्ठांकडून मागवून आम्हांस द्यावा.

५. साध्या फोनवरून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावण्याचा सरावही करून घ्यावा, आणि ज्यांना प्रत्यक्ष उपचारांची गरज दिसेल त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांकडे पोहोचविण्याची जबाबदारी निश्चित करावी.

६. वीरपत्नी व वीरमातांनाही या सर्व सोयी लागू असाव्यात.

आमचे वय पाहता विलंब आम्हांस परवडणारा नाही. करिता पहिला वर्ग येत्या महिन्यातच भरविण्याचा हुकूम व्हावा आणि झालेल्या कार्यवाहीची लेखी इत्तला आम्हांस मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील वयोवृद्ध माजी सैनिक