वाटाड्याचे पाय

छंद उपजीविकेचे साधन झाला की त्यातला आनंद ओसरतो, असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. ज्याला कविता लिहायची आहे त्याने बँकेत नोकरी करावी आणि ज्याला डोंगर चढायचे आहेत त्याने शनिवार-रविवारची वाट पाहावी, हा या विश्वासाचा व्यावहारिक अर्थ. याच्या उलट टोकाला अलीकडचा दुसरा उपदेश आहे : मनापासून आवडते तेच करा, पैसा मागून येईल. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांच्या कानांवर हे दोन्ही उपदेश एकाच विद्यार्थ्याच्या तोंडून येतात. गिर्यारोहणावरच आयुष्य उभे करायचे आहे असे म्हणणारी मुले-मुली आता वर्गात भेटतात आणि त्यांना काय सांगावे हे आपल्याला सुचत नाही.

वरवर पाहता हा प्रश्न व्यवसाय-मार्गदर्शनाचा आहे. मला तो साहित्याचाही वाटतो. कारण डोंगरावरच्या आयुष्याची जी प्रतिमा या मुलांच्या मनात असते, ती बरीचशी शिखरविजयाच्या कथनांनी घडवलेली असते. ही कथने कोणी लिहिली आणि कोणाला लिहू दिली गेली नाहीत, हे पाहिल्याखेरीज ती प्रतिमा तपासता येत नाही. त्यासाठी १९५० सालच्या फ्रेंच अन्नपूर्णा मोहिमेइतके बोलके उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल हे दोघे ८,०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचले. आठ हजार मीटरवरचे शिखर माणसाने गाठल्याची ही पहिलीच वेळ. महायुद्धातला पराभव आणि जर्मन अंमल यांच्या आठवणी ताज्या असलेल्या फ्रान्सला हा विजय हवाच होता. परतीच्या वाटेवर दोघांना हिमदंश झाला. हर्झॉगच्या हातापायांची बोटे गेली, लाशनालच्या दोन्ही पायांची सगळी बोटे गेली. हर्झॉगने रुग्णशय्येवरून सांगून लिहवून घेतलेले ‘अन्नपूर्णा’ हे पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. त्यागाची, राष्ट्राभिमानाची आणि सोबत्यांच्या अभंग एकोप्याची ती गाथा आहे. हर्झॉग पुढे फ्रेंच सरकारात युवक व क्रीडा खात्याचा प्रमुख झाला, शामोनीचा महापौरही झाला.

हर्झॉग हौशी गिर्यारोहक होता. त्याच्या बरोबरच्या तिघांची गोष्ट वेगळी होती. लुई लाशनाल, लियोनेल तेरे आणि गास्तों रेब्यूफा हे तिघेही १९२१ साली जन्मलेले आणि तिघेही शामोनी खोऱ्यात गाईड म्हणून, म्हणजे आपल्या भाषेत वाटाडे म्हणून, पोट भरणारे. या खोऱ्यात वाटाडेपण हा रीतसर व्यवसाय आहे. १८२० मध्ये माँ ब्लाँवर हिमप्रपातात तीन गाईड मेले. पुढच्याच वर्षी तिथल्या गाईडांनी आपली संघटना उभी केली, ग्राहक वाटून घेण्यासाठी पाळी ठरवली आणि अपघातग्रस्तांच्या कुटुंबांसाठी निधी सुरू केला. या व्यवसायाची पहिली संस्था शिखर जिंकण्याच्या ईर्षेतून जन्मली नाही. मेलेल्या माणसाच्या घरी चूल कशी पेटणार या काळजीतून ती जन्मली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे दीर्घकाळ या संघटनेची दारे खोऱ्याबाहेर जन्मलेल्यांना बंद होती. ती पहिल्यांदा उघडली रोजे फ्रिझों-रोशसाठी, १९३० मध्ये. याच फ्रिझों-रोशने १९४१ साली लिहिलेल्या ‘प्रमिए द कोर्दे’ या कादंबरीत गाईडच्या मुलाने हॉटेल चालवावे असे घरच्यांना वाटते आणि मुलाला बापाचाच मार्ग धरायचा असतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी होणारा वाद फ्रेंच कादंबरीत ८० वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे.

लाशनाल, तेरे आणि रेब्यूफा हेही खोऱ्याबाहेरचे. रेब्यूफा तर मार्सेयसारख्या बंदराच्या शहरातला. म्हणजे या तिघांना डोंगर वारशाने मिळाला नव्हता, त्यांनी तो निवडला होता. छंदालाच व्यवसाय करणे म्हणतात ते हेच. लाशनाल आणि तेरे या जोडीने १९४७ साली आयगरची उत्तर भिंत चढून दाखवली होती. तोवरची ती केवळ दुसरी यशस्वी चढाई होती. अशी माणसे हिमालयात गेली ती हर्झॉगच्या नेतृत्वाखाली. निघण्यापूर्वी त्यांच्याकडून नेत्याच्या आज्ञापालनाची शपथ घेतली गेली आणि पुढची पाच वर्षे मोहिमेविषयी स्वतंत्रपणे काहीही छापायचे नाही, असे लिहून घेतले गेले.

आता शिखराखालच्या त्या सकाळीकडे पाहू. लाशनालला आपले पाय बधिर होत असल्याचे कळत होते. आपण परत फिरलो तर तुम्ही काय कराल, असे त्याने हर्झॉगला विचारले. आपण एकटे जाऊ, असे हर्झॉगने सांगितले. मग आपणही येतो, असे लाशनाल म्हणाला. हा संवाद हर्झॉगच्या पुस्तकात आहे आणि तिथे तो दोन मनांच्या एकरूपतेचा क्षण म्हणून येतो. लाशनालच्या मनात त्या वेळी काय होते हे वाचकाला पुष्कळ उशिरा समजले. पाच वर्षांची मुदत सरल्यावर आपली टिपणे प्रसिद्ध करण्याच्या तयारीत तो होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये व्हाले ब्लाँश या हिमनदीवर स्की करताना बर्फातल्या भेगेत पडून तो गेला. १९५६ मध्ये त्याचे पुस्तक आले ते हर्झॉगच्या भावाच्या संपादनातून आणि मोहिमेच्या सूत्रधारांच्या नजरेखालून. त्यातले अडचणीचे भाग गाळलेले होते. गाळलेला मजकूर वाचकांसमोर यायला १९९६ साल उजाडले.

त्या मजकुरात लाशनालने आपली बाजू स्वच्छ मांडली आहे. एकट्याचा प्रश्न असता तर तो खाली उतरला असता. अन्नपूर्णा त्याच्या लेखी इतरांसारखीच एक चढाई होती आणि फ्रान्सच्या प्रतिष्ठेसाठी पाय गमावणे त्याला मान्य नव्हते. पण हर्झॉग एकटा पुढे गेला तर जिवंत परतणार नाही, असे त्याला दिसत होते. म्हणून तो गेला. एका दोराला बांधलेल्या दोन माणसांमधला हा मामला होता.

हा निव्वळ चरित्रात्मक तपशील नाही. एकाच कृतीचे हे दोन अर्थ आहेत. हर्झॉगच्या लेखी लाशनालचे पाऊल शिखराकडे पडले, लाशनालच्या लेखी ते हर्झॉगकडे पडले. पहिला अर्थ वीरकथेचा, दुसरा धंद्याच्या धर्माचा. बरोबर आलेल्या माणसाला सोडायचे नाही, हा गाईडच्या धंद्यातला पहिला नियम. उपजीविका झाली की छंदाचे पावित्र्य जाते म्हणणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. लाशनालच्या निर्णयात जे उदात्त आहे ते त्याच्या व्यावसायिकपणातूनच आले. शिखराचा मोह त्याला आवरत होता, माणसाची जबाबदारी टाळता येत नव्हती.

यावर एक रास्त आक्षेप येईल. हर्झॉगनेही हातापायांची बोटे गमावली. त्याची तळमळ खोटी कशावरून? ती खोटी नव्हतीच. शिवाय अप्रकाशित टिपण म्हणजे अंतिम सत्य, असा भाबडेपणा साहित्याच्या अभ्यासकाने करू नये. लाशनालची टिपणेही एका दुखावलेल्या माणसाचे कथन आहे. माझे म्हणणे इतकेच की पंचेचाळीस वर्षे एकच कथन उपलब्ध राहिले, आणि डोंगराचे वेड घेतलेल्या मुलांच्या पिढ्यांनी त्यातून आपला आदर्श घेतला. पाय हेच ज्याचे हत्यार, त्या माणसाने ते कशासाठी पणाला लावले, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

तेरे आणि रेब्यूफा यांनी त्या रात्री शेवटच्या तळावर दोघांचे गोठलेले हातपाय चोळत जागून काढली आणि शिखराची आपली संधी सोडून दिली. पुढे रेब्यूफा पुस्तके, चित्रपट आणि व्याख्याने यांतून लोकप्रिय झाला. तेरे मोहिमा करत राहिला. १९६१ च्या आपल्या आत्मकथनाच्या शीर्षकातच त्याने स्वतःला निरुपयोगाचा विजेता म्हणवून घेतले आणि १९६५ साली एका कड्यावरून पडून मेला. डोंगरावर उभारलेल्या आयुष्याचे हे तीन हिशेब आहेत आणि तिन्ही खरे आहेत.

आपल्याकडेही हा हिशेब मांडला जात नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक हिमप्रपातात सापडले. मृतांत प्रशिक्षणार्थींबरोबर प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी १६ दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. बातम्यांत त्यांचा उल्लेख एव्हरेस्टवीर म्हणून झाला आणि ते स्वाभाविक होते. पण त्या सकाळी त्या डोंगरावर विद्यार्थ्यांना शिकवायला गेल्या होत्या. त्या कामावर होत्या. एव्हरेस्टसाठी आपल्या भाषेत शब्दांची कमतरता नाही; या कामासाठी शब्द अपुरे पडतात.

मराठीतल्या डोंगरविषयक लेखनाची स्थिती याहून फार वेगळी नाही. गो. नी. दांडेकरांनी मराठी वाचकाला किल्ल्यांवर नेले, ते ऋण मोठे आहे. पण पुढच्या असंख्य भ्रमणलेखांत वाटाड्या येतो तो बहुधा दोन परिच्छेदांपुरता. त्याला एक नाव असते, क्वचित एक विनोदी वाक्य असते, आणि गड दिसू लागला की तो इतिहासाच्या मागे दिसेनासा होतो. आज बारी, पाचनई, राजमाची अशा गावांत वाट दाखवण्यावर आणि पिठलं-भाकरी करून वाढण्यावर घरे चालतात. त्या घरांतून लिहिलेले पुस्तक मराठीला अजून हवे आहे.

म्हणून विचारायला येणाऱ्या विद्यार्थ्याला परावृत्त करू नये आणि स्वप्नांच्या मागे जाण्याचा मोघम आशीर्वादही देऊ नये. त्याच्या हाती ‘अन्नपूर्णा’ द्यावे आणि लाशनालची हकीकतही सांगावी. मग विचारावे : पन्नाशीत तुझे गुडघे बोलू लागतील तेव्हा काय करशील? तुला अपघात झाला तर घर कोण चालवील? आणि तुझ्या दोराला बांधलेला माणूस हट्टाला पेटला, तर तू काय करशील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विमा, प्रशिक्षण आणि संघटना यांतून शोधता येतील. शामोनीच्या गाईडांनी ती दोनशे वर्षांपूर्वीच शोधायला घेतली. तिसऱ्या प्रश्नापाशी जो थांबून विचार करील, त्याने हा व्यवसाय जरूर करावा.