जुनी ई-क्लास घेताय? आधी पिढी ओळखा

नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या पैशात मर्सिडीजची ई-क्लास मिळते, ही गोष्ट खरी आहे. दहा-बारा वर्षं चाललेली, रंग झळझळीत, आतलं कातडं मऊसूत, बॉनेटवर तारा. पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात अशी गाडी बघितली की भल्याभल्यांचा पाय अडतो. आयुष्यभर काटकसर केली, मुलांची शिक्षणं झाली, घराचे हप्ते फिटले, आता एक मनासारखी गाडी दारात असावी असं वाटणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. ही हौस चुकीची नाही. बहुतेकांचा चुकतो तो हिशोब.

हिशोब असा, की गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये ई-क्लासची सध्याची पिढी भारतात आली, तेव्हा शोरूममधली किंमत 78.5 लाख रुपयांपासून सुरू होत होती. हेडलाइट, इंजेक्टर, गिअरबॉक्स यांचे भाव अशी गाडी नवी घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ऐपतीकडे पाहून ठरतात. ती तुम्ही दहा लाखांत घेतली म्हणून हेडलाइट स्वस्तात मिळत नाही. हत्ती विकत घेणाऱ्यानं आधी चाऱ्याची सोय बघावी, तसंच हे आहे. म्हणून माझं पहिलं सांगणं: या गाडीकडे किंमत बघून जाऊ नका. ती कोणत्या पिढीची आहे, त्या पिढीचं दुखणं कोणतं आणि या गाडीत त्यावर इलाज झालाय का, हे आधी विचारा.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे शोधणं इतरांपेक्षा सोपं आहे. मर्सिडीज-बेंझ 1994 साली भारतात आली ती पुण्यात. 1995 पासून टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली आणि 2009 मध्ये चाकणचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. त्यामुळे या गाडीच्या जवळजवळ सगळ्या पिढ्या इथल्या रस्त्यांवर आहेत. कंपनीच्या वर्कशॉपबाहेर या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिकही पुण्या-मुंबईत सापडतात. असा मेकॅनिक आधी गाठा, गाडी नंतर शोधा.

पाच पिढ्या, पाच दुखणी

पहिली पिढी डब्ल्यू 124. पुढच्या काचेला एकच वायपर असलेली, चौकोनी बांध्याची. दारं बंद होण्याच्या आवाजावरूनच तिची मजबुती कळते. तिच्या डिझेल इंजिनांची ख्याती टॅक्सीवाल्यांनी जगभर पसरवली. पण नव्वदीच्या सुरुवातीपासून 1995 पर्यंतच्या पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगवरचं आवरण इंजिनाच्या उष्णतेनं ठिसूळ होऊन गळून पडतं. मग गाडी कधी धक्के खाते, कधी सुरूच होत नाही. वायरिंग बदललं आहे का, हा तिच्याबाबतचा पहिला प्रश्न. ही गाडी आता जपणाऱ्याची आहे. रोज ऑफिसला जायला ती घेऊ नका.

दुसरी डब्ल्यू 210, पुढे चार गोल दिव्यांची. तिचा शत्रू गंज. चाकांच्या कमानी, डिकीचं झाकण, दारांच्या खालच्या कडा तर कुजतातच. खरा धोका असतो तो पुढच्या स्प्रिंगचा वरचा आधार ज्या ठिकाणी पत्र्याला जोडलेला असतो तिथे. तो आतून गंजून तुटला तर गाडी त्या बाजूला बसते. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी असेल तर लिफ्टवर चढवून, टॉर्च मारून ही जागा पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. वरून नवा रंग मारलेला असेल, तर शंका वाढवा.

तिसरी डब्ल्यू 211. जगभरात ती 2002 ते 2009 या काळात बनली. दिसायला आजही देखणी आहे आणि बाजारात सगळ्यात मोहात पाडणाऱ्या भावात असते. हिच्याबाबत एक वर्ष लक्षात ठेवा: 2006. त्याआधीच्या गाड्यांमध्ये एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा आहे. तुमच्या पायाचा दाब सेन्सर वाचतो आणि एक विजेवर चालणारा पंप चारही चाकांना दाब पुरवतो. हा पंप किती वेळा चालला याची मोजणी यंत्रणा स्वतः ठेवते. ठरलेली मर्यादा संपली की समोर लाल इशारा येतो आणि ब्रेकचं अख्खं युनिट बदलावं लागतं. ते बिघडलं तर पेडल खोल जातं आणि ब्रेक फक्त पुढच्या चाकांना लागतो. ब्रेक पॅड बदलतानाही आधी ही यंत्रणा बंद करावी लागते. हे माहीत नसलेल्या मेकॅनिकची बोटं चिरडू शकतात. 2006 मध्ये गाडीचं रूप थोडं बदललं, तेव्हा कंपनीनं ही यंत्रणा काढून पुन्हा साधे हायड्रॉलिक ब्रेक दिले. म्हणून 211 घ्यायचीच असेल तर बदलानंतरची घ्या. व्ही-6 पेट्रोल, म्हणजे ई 280 किंवा ई 350 असेल, तर त्या काळातल्या बऱ्याच इंजिनांमध्ये आतल्या बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजतो. तो बदलायला इंजिन उतरवावं लागतं. इंजिन नंबर घेऊन जाणकाराला विचारा.

चौथी डब्ल्यू 212, 2009 मध्ये आली. माझ्या मते घरच्या वापरासाठी आज सर्वांत विचार करण्याजोगी हीच. सुरुवातीच्या 2.1 लिटर चार सिलिंडर डिझेलमध्ये इंजेक्टरचा दोष होता आणि जगभरातल्या कित्येक गाड्यांचे इंजेक्टर कंपनीनं बदलून दिले. या गाडीचेही बदलले असतील तर तसं बिल दाखवायला सांगा. या इंजिनाची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, त्यामुळे ती बदलणं कष्टाचं आणि खर्चाचं काम. सहा सिलिंडर डिझेलमध्ये इंजिनाच्या दोन रांगांच्या मधोमध ऑइल कूलर बसवलेला असतो. त्याचं सील गळतं. सील स्वस्त, पण तिथपर्यंत पोचायला अर्धं इंजिन उलगडावं लागतं. सुरुवातीच्या ई 200 पेट्रोलमध्ये चेन आणि कॅमशाफ्टचे ॲडजस्टर झिजतात. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत खडखड आवाज आला तर तो हाच. 2013 मध्ये दिव्यांच्या दोन जोड्यांऐवजी एकेक अखंड दिवा आला, पेट्रोल गाड्यांना नवं इंजिन मिळालं. त्यानंतरची, पूर्ण नोंदींची 212 मिळाली तर बाकीचे व्यवहार बाजूला ठेवून तीच बघा.

पाचवी व्ही 213, 2017 ची. लांब व्हीलबेसची, 3079 मिलिमीटरची ही गाडी उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसह चाकणला बनू लागली. मागच्या सीटवर पाय पसरून बसायची सोय हीच तिची ओळख. त्यामुळे बहुतेक गाड्या कंपन्यांच्या नावावर आणि ड्रायव्हरच्या हाती राहिलेल्या असतात. लांब गाडीचं पोट आपल्याकडच्या उंच स्पीडब्रेकरला घासतं, म्हणून खालची बाजू नीट पाहा. 2020 नंतरची बीएस-6 डिझेल घेताना तुमचा प्रवास कसा आहे ते आधी ठरवा. तिच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर हायवेवर बराच वेळ चालल्यावरच स्वच्छ होतो. रोज कोथरूड ते डेक्कन एवढंच जायचं असेल, तर पेट्रोल घ्या.

गाडी पाहायला जाल तेव्हा

आधी सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. बॉनेटवर हात ठेवा. इंजिन गरम लागलं तर विक्रेत्याला काहीतरी झाकायचं असू शकतं. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर असतील आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं चकचकीत, ड्रायव्हरच्या सीटची कड दबलेली असेल, तर मीटर मागे फिरवलेलं आहे. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मागवा. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं किलोमीटर तिथे असतं.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या आपल्याकडे कमी नाहीत. 26 जुलै 2005 ची मुंबई, 2019 चं कोल्हापूर-सांगली, 2021 चं चिपळूण आपण पाहिलं आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला गाळाची रेघ दिसते. गालिचा उचला, स्टेपनीची जागा बघा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा. अशा गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स नंतर वर्षानुवर्षं त्रास देतात, कितीही स्वस्त मिळाली तरी नको. टायरवर चार आकडी कोड असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. टायर जुने असतील तर चारही नव्या टायरचा खर्च किमतीतून वजा करा. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही असं कोणी सांगितलं, तर ते मानू नका. बदलल्याचं बिल बघा.

शेवटी गाडी लिफ्टवर चढवून, मर्सिडीजसाठी बनवलेल्या स्कॅनरनं तपासून घ्या. बाजारातला साधा स्कॅनर बहुधा इंजिनाचेच दोष वाचतो. ब्रेक, सस्पेन्शन, एअरबॅग यांचे वाचत नाही. या तपासणीला विक्रेता नाही म्हणाला, तर व्यवहार तिथेच संपवा.

कागद आणि पैसे

कागद पूर्ण असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की ती कितव्या मालकाकडे आहे, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स कधी संपतो, हे दिसतं. चलन थकलेलं आहे का, तेही वेगळं तपासा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हवा. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर विक्रीचा संचालकांचा ठराव मागा. खरेदी झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत इन्शुरन्स आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, हेही धरून चाला.

राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशानं दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना अडवलं. तेव्हापासून त्या गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या आणि बऱ्याच आपल्याकडे आल्या. अशी गाडी घेणार असाल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि एमएच पासिंग यांचा खर्च किमतीत धरा. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर समोर उभा आहे. वाचलेले पैसे यातच जातात.

आता पैशांचं शेवटचं सांगणं. तुमच्याकडे पंधरा लाख असतील तर बारा लाखांची गाडी बघा. उरलेले तीन लाख बँकेत ठेवा आणि ते गाडीचेच आहेत असं समजा. पहिल्या वर्षात सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग, बॅटरी, टायर, सगळी ऑइलं यापैकी काहीतरी निघतंच. संपूर्ण रक्कम कर्ज काढून ही गाडी घेऊ नका. हप्ता चालू असताना गिअरबॉक्स गेला की माणूस दुरुस्ती पुढे ढकलतो, आणि अशी ढकललेली दुरुस्ती पुढे दुप्पट होऊन येते.

कोणती घ्यावी असं विचाराल, तर माझं उत्तर सरळ आहे. रोजच्या वापरासाठी 2013 नंतरची 212, किंवा बजेट बसत असेल तर वॉरंटी शिल्लक असलेली 213. 211 घ्यायची तर 2006 च्या बदलानंतरचीच. 210 गंज नसल्याची पूर्ण खात्री असेल तरच. 124 जपणाऱ्यांसाठी. पण या सगळ्यांच्या वर एक नियम ठेवा: वरच्या पिढीची नोंदी नसलेली गाडी आणि खालच्या पिढीची एका मालकाकडची, प्रत्येक बिल जपलेली गाडी समोर असेल, तर बिलांची फाईल असलेली गाडी घ्या.

घाई करू नका. एजंट म्हणेल, संध्याकाळपर्यंत दुसरं गिऱ्हाईक येतंय. येऊ द्या. अशा गाड्या बाजारात नेहमी असतात, तुमची बचत मात्र एकदाच जमते. मेकॅनिकला सोबत न्या, थंड इंजिन ऐका, कागद घरी आणून शांतपणे वाचा, आणि मन साशंक असेल तर रिकाम्या हातानं परत या.